कढईच्या वेळेनं

शिमगा झाला की आमच्या घरात शिंका सुरू व्हायच्या. पाहुणा आला, पोस्टमन आला, दारात भाजीवाली टोपली टेकवायला थांबली, की आधी शिंक आणि मग बोलणं. आम्हाला त्या वासाचं काही वाटत नसे. अंथरुणाला, माझ्या कॉलेजच्या पुस्तकांना, आईच्या लुगड्याला, देवापुढच्या फुलांनासुद्धा मिरचीचा वास यायचा. कोल्हापुराबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की आमच्याकडं चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढायची ओली चटणी नव्हे. कांदा, लसूण, खोबरं आणि तळलेला मसाला घालून कांडलेलं लाल तिखट, ते आमची चटणी. उन्हाळ्यात एकदा करायची, बरणीत दाबून भरायची आणि वर्षभर कालवणाला वापरायची. आमच्या पेठेतल्या बहुतेक घरांची चटणी आमच्या पुढच्या सोप्यात कांडली जायची, कारण तिथं आबांचा डंक होता.

डंक म्हणजे ओळीनं बसवलेली लोखंडी उखळं, त्यांत वरखाली आपटणारी लोखंडी मुसळं, मागं मोटार आणि मोटारीवरून फिरणारा पट्टा. तो सुरू झाला की भिंतीवरच्या तसबिरी हलायच्या आणि आम्ही घरातल्या घरात ओरडून बोलायचो. ती सवय मला आजही आहे. सून म्हणते, आई फोनवर बोलायला लागल्या की फोनची गरजच नाही. माझे वडील, म्हणजे आबा, डंकापाशी असायचे. आई चाळणी धरायची. परसात, चिंचेच्या सावलीला, मोठ्या चुलीवर कढई होती आणि कढईपाशी आत्ती.

आत्ती आबांची थोरली बहीण. शिरोळकडं दिली होती. नवरा गेल्यावर माघारी आली ती एक ट्रंक आणि स्वतःचा झारा घेऊन आली. कुणाच्या जिवावर खायचं नाही म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात तिनं कढई आपल्याकडं घेतली. पेठेतल्या बायका खरं तर तिच्या हातासाठी आमच्याकडं यायच्या. धणे कधी उतरायचे, खोबरं कितपत लाल करायचं, दगडफूल तेलात टाकल्यावर किती लगेच काढायचं, हे ती नाकानं ओळखायची. ती सगळ्यांशी भांडायची, पण कुणाच्या मसाल्यातली लवंग कधी इकडची तिकडं झाली नाही. दुपारी काम जरा थांबलं की परातीत ताजी कांडलेली चटणी, त्यावर कच्चं तेल, गरम भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा, असं आमचं जेवण. उन्हाळाभर दुसरं काही शिजायचं नाही आणि कुणी मागायचंही नाही. मी पुढं मोठमोठ्या हॉटेलांत जेवले, पण त्या तेलाचा ओघळ मनगटापर्यंत आला नाही तर मला जेवल्यासारखं वाटत नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना शेजारच्या गल्लीत नवा डंक आला. मोटार आमच्यापेक्षा मोठी, उखळं जास्त, वर पंखा आणि बसायला बाक. आमच्याकडं बायका सकाळी पोतं घेऊन यायच्या आणि दिवेलागणीला चटणी घेऊन जायच्या. मधला सगळा वेळ ओट्यावर बसून, कारण आपली मिरची दुसऱ्याच्या मिरचीत मिसळेल या भीतीनं कुणी जागची हलायची नाही. पोरं रडायची, नंबरावरून भांडणं व्हायची, आबांवर आवाज चढायचे. हळूहळू पलीकडच्या आळीतली घरं नव्या डंकाकडं वळली. मग आमच्या आळीतलीही. एका दुपारी जेवताना आबा आईला म्हणाले, की नव्या डंकाचा मालक येऊन गेला, हंगाम संपला की आपली मशीन उचलून न्यायला तो तयार आहे. ते भाकरीकडं बघूनच बोलत होते. आमची मशीन जुनी, एकटी, तिला एवढा भार झेपत नाही, दुसरी घ्यायची ऐपत नाही, तर देऊन टाकावी आणि आपण कुठंतरी नोकरी बघावी, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. आत्ती घास हातात तसाच धरून बसली. डंक गेला तर कढई कशाला, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच वर्षी आम्हाला उत्पादन व्यवस्थापन हा विषय शिकवायला देसाई मॅडम आल्या. वयानं आमच्याहून फार मोठ्या नसतील. आधीचे सर व्याख्या सांगायचे आणि आम्ही पाठ करायचो: साठा म्हणजे काय, क्षमता म्हणजे काय, पुरवठ्याची साखळी म्हणजे काय. पेपरात लिहिलं की विसरून जायचं. देसाई मॅडमनी पुस्तक टेबलावर पालथं घातलं आणि सांगितलं, की सुट्टीत प्रत्येकीनं कुठलीही एक वस्तू निवडायची आणि तिच्याबरोबर चालायचं. विटेबरोबर चाला, दुधाच्या किटलीबरोबर चाला, कापडाच्या तुकड्याबरोबर चाला. मला त्यांचं एक वाक्य जसंच्या तसं आठवतं. "काम करणाऱ्या माणसांकडं बघू नका, ती सगळी घामाघूमच दिसणार. कामाकडं बघा. ते कुठं थांबलंय, ते बघा."

मी निवडली शेवंताकाकूंची चटणी. शेवंताकाकू आमच्या समोर राहायच्या, स्वभावानं सोशिक, आणि मी दिवसभर त्यांच्या पोत्याच्या मागं फिरणार म्हटल्यावर त्यांना हसूच आलं. आबा म्हणाले, नुसतं हिंडायचं असेल तर हातात चाळणी तरी धर. मी धरली नाही. काकूंचं पोतं आलं ते आधी ओट्यावर बसलं, कारण पुढं नंबर होते. मग काकूंना आठवलं, की थोड्या मिरच्यांची देठं खुडायची राहिलीत. ती तिथंच बसून खुडली. मग सगळ्या उखळांत मिळून काकूंची मिरची गेली, आणि बघता बघता तिखट झालं. मला वाटलं, एवढ्या लवकर? पण तिखट झालं तरी चटणी झाली नव्हती. मसाला अजून परसात, आत्तीच्या पुढं, दुसऱ्या दोन घरांच्या मसाल्यामागं. काकूंचा कांदा तर अजून चिरायचाच होता. आत्ती एका हातानं झारा फिरवत होती, मध्येच कुणाच्या पोराला पाणी देत होती, कुणाचं खोबरं किसून देत होती, नंबराचं भांडण मिटवायला कढई उतरवून सोप्यात जात होती. आणि एवढा वेळ काकूंचं तिखट उखळांत पडून होतं. ते काढून बाजूला ठेवायला काकू तयार नव्हत्या, आणि ते असेपर्यंत दुसऱ्या कुणाची मिरची तिथं घालता येत नव्हती. आबांनी मुसळं वर उचलून अडकवली होती. मोटार मात्र घुमत होती, पट्टा फिरत होता.

तिथं मी उभी राहिले आणि मला ते दिसलं. पट्टा फिरतोय, आवाज होतोय, म्हणून आम्ही सगळे समजत होतो की डंकाला उसंत नाही. डंक तर दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ नुसता उभा होता. तो वाट बघत होता कढईची. दुसरा डंक आणला असता तर दोन डंकांनी वाट बघितली असती. पुढं माझं सगळं आयुष्य ह्याच कामात गेलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी माल वेळेवर आणण्याचं आणि पोचवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. ह्या अडलेल्या जागेला तिथं इंग्रजी नाव आहे, आणि आता नवी पोरं संगणकावर तिचे रंगीत आलेख काढतात. पण मला आजही कारखान्यात नेलं, तर मी आधी धडधडणाऱ्या मशीनकडं बघत नाही. कुठं ढीग साठलाय आणि कोण गप्प उभा आहे, ते शोधते.

दिसलं ते सांगायचं कसं, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. विशीतल्या पोरीला पडत नाही. जेवायला सगळे बसले होते, मी आनंदानं सांगून टाकलं, की आबा, मशीन कमी पडत न्हाय, काम आत्तीपाशी थांबतंय. आई एकदम वाढायची थांबली. आत्तीनं ताट पुढं सरकवलं.

"म्हंजे माझ्यामुळं डंक बुडाला म्हण की," ती म्हणाली. "मी काय हात बांधून बसतो व्हय दिवसभर?"

मी समजवायला गेले, की तू बसत नाहीस, उलट तूच सगळ्यांत जास्त राबतेस, म्हणूनच तर. पण ऐकायला ती तिथं नव्हतीच. आबा मला रागावले. नंतरचे काही दिवस आत्ती माझ्याशी बोलली नाही. मी परसात गेले की ती पाठ फिरवून झारा आपटायची. मी मात्र हट्टी. माझं बरोबर आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिची माफी मागून ते खोटं ठरवायला मी तयार नव्हते. म्हणून मी बोलायचं सोडलं आणि तिच्या शेजारी पाट घेऊन बसले. ज्यासाठी तिला झारा सोडून उठायला लागायचं, ते काम मी करायचं, एवढंच. पाणी मी द्यायचं, खोबरं मी किसायचं, भांडण मी मिटवायचं. पहिल्या दिवशी तिनं मला दोनदा हाकललं. दुसऱ्या दिवशी हाकललं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, कांदा तळता तळता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "आज पाय दुखाय न्हाईत." मग झारा निथळत म्हणाली, "सांग बघू परत, काय म्हणत हुतीस त्ये."

मग मी सांगितलं, आणि खरं तर तिनंच पुढचं सगळं जुळवलं. मिरची आधी कांडून मसाल्याची वाट बघत बसायचं नाही. ज्या घराचा मसाला आणि कांदा तळून तयार, त्याचीच मिरची उखळात घालायची. म्हणजे मसाला आदल्या दिवशीच आमच्याकडं यायला हवा. मी म्हटलं, लोक लवंग, खसखस, वेलदोडे आपल्याकडं ठेवून घरी जाणार नाहीत. आत्तीला त्याचा रागच आला. माझ्याकडं ठिवत न्हाईत का बघतोच, म्हणाली. कांदा चिरून, उन्हात वाळवून आणायचा, देठं घरी खुडायची, हेही तिनंच ठरवलं. वाळलेला कांदा तळायला वेळ कमी लागतो, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं असतं? जी घरं लसूण खात नाहीत त्यांची चटणी सकाळी आधी घ्यायची, म्हणजे मध्येच उखळं धुवावी लागणार नाहीत, हे आईचं. कुठल्या घरानं कुठल्या दिवशी यायचं तेही आईच्या डोक्यात असायचं. कुणाकडं पाहुणे, कुणाची सून बाळंत, कुणाची मिरची अजून ओली, हे तिला सगळं ठाऊक. राहिले आबा. त्यांचा ह्यातल्या कशावर विश्वास नव्हता, पण हंगाम संपल्यावर मशीन जाणारच आहे, तर बायकांच्या मनासारखं होऊ दे, म्हणून ते गप्प बसले.

त्याच सुमाराला एका बोर्डिंगचे मॅनेजर आले. बाहेरगावची पोरं शिकायला राहायची ते बोर्डिंग. सुट्टी संपून पोरं परतायच्या आत वर्षाची चटणी हवी होती. नव्या डंकावर ते जाऊन आले होते, पण तिथं गर्दी एवढी, की पावसाळा लागेपर्यंत नंबर नाही असं सांगितलेलं. मॅनेजर घाम पुसत म्हणाले, "पावणं, तुमच्यानं हुणार असंल तर सांगा, न्हायतर पोरास्नी वर्षभर वरण-भात घालतो." आबांनी मान हलवायला सुरुवात केली होती. एवढी चटणी घ्यायची म्हणजे रोजची गिऱ्हाइकं परत लावायची, आणि परत लावलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. तेवढ्यात परसातून आत्ती आली. पदराला हात पुसत तिनं मॅनेजरना विचारलं, कांदा चिरून वाळवून देता का? ते हो म्हणाले. बोर्डिंगात आचारी रिकामेच होते.

"मग घेतली," आत्ती म्हणाली. आणि आबांकडं वळून, "एक बी घर परत लावायचं न्हाय. पोरीनं सांगिटल्यागत करायचं."

तो आठवडा मला कालच्यासारखा आठवतो. आदल्या दिवशी दुपारपासून बायका मसाल्याची गाठोडी घेऊन यायच्या आणि आत्तीपुढं ठेवायच्या. पहिल्या शेवंताकाकू. त्यांनी ठेवल्यावर बाकीच्यांनी ठेवली. कुणी पदराच्या तुकड्यात बांधलेली, कुणी डब्यात, कुणी नवऱ्याच्या जुन्या धोतरात. आत्ती प्रत्येक गाठोडं हातात तोलून भिंतीशी ओळीनं लावायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. बोर्डिंगचं काम मी एकदम घेतलं नाही. रोज थोडं थोडं, दोन घरांच्या मधे कढईला जागा झाली की तिथं. ह्यावरून आबांशी वाद झाला, त्यांचं म्हणणं एक दिवस बंद ठेवून सगळं उरकून टाकावं. मी ऐकलं नाही. आत्तीनं माझ्या बाजूनं झारा उचलला आणि वाद मिटला.

पहिल्या दिवशी गोंधळ झाला. एका घराचा कांदा ओला निघाला, आत्तीनं सरळ परत पाठवला, ती बाई रडली, आईनं तिला चहा दिला आणि परवाचा दिवस दिला. दुसऱ्या दिवशी गोंधळ कमी. मग हळूहळू असं व्हायला लागलं, की आत्ती कढई उतरवायची, मी परात उचलून सोप्यात न्यायची, आणि तेवढ्यात आधीच्या घराची चटणी कांडून, चाळून झालेली असायची. कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. मुसळं वर अडकवून ठेवायची खुंटी रिकामी राहिली. बायका आपल्या वेळेला यायच्या, ओट्यावर टेकतात न टेकतात तोच गरम चटणीचा डबा हातात घेऊन, शिंकत, हसत निघून जायच्या. नव्या डंकासारखा बसायला बाक घ्यावा असं आबांना आधी वाटायचं, त्या बाकाची गरजच उरली नाही.

बोर्डिंगची शेवटची चटणी भरली तेव्हा ऊन अजून खाली आलं नव्हतं. आबांनी बटण दाबलं, पट्टा थांबला. गल्लीत अशी शांतता झाली, की समोरच्या घरातून दोन बायका धावत आल्या आणि विचारायला लागल्या, मशीन बिघडली का. एवढ्या उजेडी डंक थांबलेला त्यांनी उन्हाळ्यात कधी ऐकला नव्हता. आबा दारात उभे होते. त्यांनी एकदा मशीनकडं बघितलं, एकदा रिकाम्या ओट्याकडं. मग म्हणाले, "न्हाय. काम संपलं." आणि हसायला लागले. आबांना मी एवढं मोकळं हसताना क्वचित बघितलं. त्या दिवशी आम्ही चौघं उजेडात, एकत्र, गरम भाकरी खात बसलो. जेवण झाल्यावर आत्ती पायात चप्पल घालून रंकाळ्यावर फिरायला गेली. हंगामात ती फिरायला गेल्याचं आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं.

नव्या डंकाचा मालक ठरल्याप्रमाणं मशीन बघायला आला. आबांनी त्याला बसवलं, चहा पाजला, त्याच्या मोटारीचं कौतुक केलं आणि मशीन द्यायची नाही असं सांगितलं. जाताना तो ओट्यावर घुटमळला. एकाच डंकावर एवढं काम कसं उरकता, असं त्यानं विचारलं. आबा म्हणाले, आमच्या पोरीला विचारा. तेव्हा मी तिथं उभी होते. आयुष्यात पुढं बढत्या मिळाल्या, सत्कार झाले, एकदा तर व्यासपीठावर शाल गळ्यात पडली. आबांच्या त्या तीन शब्दांच्या जवळपास त्यातलं काही आलं नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर मी देसाई मॅडमना हे सगळं सांगितलं. लिहून द्यायचं होतं, ते मी दिलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना बघायचं होतं. पावसाळ्यात डंकावर फारशी गर्दी नसते, तरी एका उघडीपीच्या दिवशी त्या आमचा अख्खा वर्ग घेऊन आल्या. मुली सोप्यात शिंकत, रुमाल तोंडाला लावून उभ्या राहिल्या. आबा लाजून मोटारीमागं गेले. आईनं सगळ्यांना ताक दिलं. मॅडमनी मला सांगायला उभं केलं आणि मी पुस्तकातले शब्द वापरून सांगायला लागले. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, की इथं सगळ्यांत हळू काम कुठलं, म्हणजे सगळं कुठं अडतं?

आत्ती माझ्या मागंच, परसाच्या दारात उभी होती. उन्हाळ्यातलं ते पुढं सरकवलेलं ताट मला आठवलं. मी काही बोलायच्या आत तिनं मला हातानं बाजूला केलं आणि मुलींना परसात घेऊन गेली. चुलीपाशी जाऊन तिनं झारा कढईच्या काठावर वाजवला.

"हितं," ती म्हणाली. "माझ्यापाशी. कांदा त्याच्या वेळेनंच लाल हुतो, त्याला घाई करून चालत न्हाय. म्हणून डंक असू दे, चाळण असू दे, न्हायतर मोटारीतनं आलेलं गिऱ्हाईक असू दे, सगळ्यांनी माझ्या वेळेनं चालायचं."

मग तिनं मॅडमना जरा बाजूला सरकायला सांगितलं, कारण कढईतलं तेल तापलं होतं.